चौकटीतली दुसरी बाई

"छत्री डावीकडं घे याडी. काचंवर उजेड पडून राहिला."

भिकाबाईनं छत्री डावीकडे झुकवली. "आता?"

"आता बरं हाय. बोलू नकोस."

"मी कुठं बोलून राहिले?"

"आता बोललीस ते काय व्हतं मग?"

घरात माय-लेकी गोरमाटी ह्या बंजारा बोलीतच बोलत, पण बांधावर आल्या की शितल मराठीवर यायची. कॉलेजची जागा आहे म्हणायची; आईला 'याडी' म्हणणं तेवढं सुटायचं नाही.

कॉलेजची जागा म्हणजे पाझर तलावाच्या बांधावरचा एक दगड. सांडव्यापासून अकरा पावलं. दहाव्या पावलाला रेंज नाही, बाराव्याला नाही. दगडावर बसून मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरला तर दोन कांड्या यायच्या, उभं राहिलं तर एक. तांड्यातली चाळीस घरं, समाजमंदिर, शाळेचं छप्पर, सगळं शितलनं मोबाइल वर धरून पालथं घातलं होतं. शेवटी अर्ध्या कोसावरचा हा दगड सापडला आणि शितल अमरसिंग आडे हिचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष त्या दगडावर सुरू झालं.

हिंगोलीचं कॉलेज बंद पडून सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. आधी आठ दिवसांची सुट्टी म्हणून सांगितलं. होस्टेलच्या पोरी दोन ड्रेस घेऊन गावाकडे आल्या. गाद्या, पुस्तकं, बादल्या सगळं तिथेच राहिलं. पुढे त्या होस्टेलात कोरोनाचे संशयित ठेवले. शितलच्या गादीवर कोण कोण झोपून गेलं, देव जाणे. मग परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांनी आपल्या सोयीच्या ठिकाणी, सोयीच्या वेळी, सोयीच्या साधनानं शिकावं, ह्याला लवचिक अध्ययन म्हणतात. एका पानात 'सोय' हा शब्द सात वेळा आला होता. ज्यानं तो लिहिला त्याच्या घरात बहुतेक प्रत्येक खोलीत रेंज असावी. त्यानं एकदा तरी ह्या दगडावर मे महिन्यात बसून पाहायला हवं होतं. बूड भाजलं असतं म्हणजे सोय कशाला म्हणतात ते कळलं असतं.

आणि दगड सापडला म्हणून पोरगी तिथे एकटी बसू शकते का? आठवडा झाला नाही तर शेजारच्या चंदाबाईनं पाणवठ्यावर विषय काढला. "अमरसिंगची पोरगी बांधावर बसून बोलते कुणासंगं? माणसाचा आवाज येऊन राहिला व्हता त्या डब्यातून."

"सर हाय त्यो तिचा," भिकाबाई म्हणाली.

"सर असंल माय. आमाला काय."

ते 'आमाला काय' भिकाबाईला बरोबर कळलं. नवरा पुण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर, घरात म्हाताऱ्या सासूशिवाय कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लेकीबरोबर बांधावर जाऊ लागली. खुरपणीचा रोज बुडायचा तो बुडायचा. पहिले काही महिने ती नुसती साक्षीदार म्हणून बसली. मग उन्हाळा वाढला, मोबाइल तापून बंद पडू लागला, तेव्हा तिच्या हातात छत्री आली.

वर्गही तसाच चालायचा. वैजनाथ सर भौतिकशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्वावरचा माणूस, इथल्याच कुरुंदा गावचा. कॉलेज बंद झाल्यावर त्याचे तासही बंद आणि पैसेही बंद, तरी लेक्चर घ्यायचा. फेब्रुवारी-मार्चात त्याच्या पाठीमागे हळदीच्या कुकरची वाफ दिसायची. मधेच कुणीतरी हाक मारायचं, "वैजू, लाकडं घाल रे," आणि सर म्हणायचा, "एक मिनिट हां मुलांनो." प्रकाशाचं वक्रीभवन त्यानं असं शिकवलं. प्रिझम शितलनं हातात धरलाच नाही. प्रॅक्टिकल म्हणजे एक व्हिडिओ. तो बांधावर उघडायला पाऊण तास लागायचा आणि तेवढ्यात दिवसाचा डेटा संपायचा. मग जवळच्या गोरेगावची, वर्गातली शिवकन्या वहीचे फोटो पाठवायची. तिच्या बापाचं दुकान, घरात वायफाय. ती पलंगावर लोळत शिकायची आणि हे ती स्वतःच मोकळेपणानं सांगायची. पोरगी मनानं चांगली होती.

"तुझा सर रोज ह्येच शिकवतो काय?" भिकाबाईनं एकदा विचारलं होतं.

"काय?"

"'माझा आवाज येतोय का, माझा आवाज येतोय का.' रोज तेवढंच ऐकून राहिले मी."

शितल हसून दगडावरून पडायची राहिली.

रेंज गेली की अर्धा अर्धा तास नुसतं बसून राहायचं. त्या रिकाम्या वेळात कधीतरी भिकाबाईनं लेकीच्या वहीवर बोट ठेवलं. "ह्ये काय हाय? ह्ये गोल गोल, शेपटीवालं?" तिथून ते सुरू झालं. बांधाच्या मातीत, बाभळीच्या काटकीनं. उन्हाळ्यात अक्षरं आठ दिवस टिकायची, पावसाळ्यात सकाळचं दुपारी वाहून जायचं. भिकाबाई चाळिशीची, डोकं तल्लख. भाकरीचं पीठ चाळताना पिशवीवरचं वाचायचा प्रयत्न करायची. वर्षभरात तिला मोठ्या अक्षरातलं सरळ सरळ वाचता येऊ लागलं; बारीक छापलेलं आणि जोडून लिहिलेलं अडायचं. रेशनच्या दुकानाच्या दाराला चिठ्ठी लावलेली असायची. बाया थैल्या घेऊन दोन दोन तास उन्हात बसायच्या. भिकाबाई चिठ्ठीकडे बघायची आणि घरी निघून यायची.

"थांबली न्हाईस?" चंदाबाई विचारायची.

"घरी काम हाय."

'आज माल आला नाही' हे तिनं वाचलंय, हे तिनं तांड्यात कुणाला सांगितलं नाही. हसले असते. म्हातारपणी शिंगं फुटली म्हणाले असते. ते फक्त माय-लेकीत होतं.

आज ऑगस्टमधली भौतिकशास्त्राची परीक्षा होती. साठ मिनिटं, चाळीस प्रश्न, चार पर्याय, एक टिचकी. मोबाइलच्या कोपऱ्यात एक चौकट आणि चौकटीत शितलचा चेहरा. मशीन मधून मधून तिचा फोटो काढणार होतं. सूचना स्पष्ट होती: चौकटीत परीक्षार्थीशिवाय दुसरी व्यक्ती आढळल्यास गैरप्रकार समजला जाईल. म्हणून भिकाबाई मोबाइलच्या पलीकडे, लेकीच्या समोर उभी होती. छत्री लांब हातानं धरून. हात भरून आला तर हात बदलायचा, हलायचं नाही, असं ठरलं होतं.

तेविसाव्या प्रश्नाला बांधाखालच्या वाटेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

भिकाबाईनं पाहिलं. भीमसिंग नायक बैल घेऊन शेताकडे निघाला होता. तांड्याचा नायक, आणि तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. बावीस वर्षं झाली लग्नाला. आजवर त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं आणि तिनं त्याच्या समोर आवाज काढला नव्हता. आता तो खाली वाटेवर आणि ती वर बांधावर, उघड्या तोंडानं, उभी. जेठाच्या डोक्यावर उभं राहायचं? पुढचं काही ठरवून झालं नाही. पाय आपोआप हलले. पदर हनुवटीपर्यंत ओढत ती दगडाला वळसा घालून लेकीच्या पाठीमागे जाऊन खाली बसली. बांधावर दुसरा आडोसाच नव्हता. एक हात मात्र तिनं पुढे काढून ठेवला होता, छत्रीचा. काचेवर ऊन यायला नको.

"जरा सरक," ती लेकीच्या कानाशी कुजबुजली. "जेठ येऊन राहिले."

भीमसिंग नेहमीसारखा खाकरला, नजर बैलांच्या शेपटीवर ठेवून निघून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट. भिकाबाई परत पलीकडे जाऊन उभी राहिली. शितलनं चाळीसच्या चाळीस प्रश्न सोडवले, पेपर गेला, हिरवी खूण आली. परतताना माय-लेकींनी वाटेत तुरीच्या बांधावरची काकडी तोडून खाल्ली.

निकाल लागला त्या दिवशी शिवकन्याचा फोन आला. दगडावरच.

"शिते, पास झाले मी. तुझं पाह्यलंस का?"

"न्हाई. उघडूनच न्हाई राहिलं."

"मी पाह्यलं." ती जरा थांबली. "तुझ्या नावापुढं निकाल राखीव लिवलंय गं. खाली बारीक लिवलंय, गैरप्रकार."

शितलनं दोन दिवस वैजनाथ सरांना फोन लावला. तिसऱ्या दिवशी लागला.

"आडे, मी पाहिला तुझा फोटो," सर म्हणाला. "तुझ्या मागं एक बाई आहे. तोंड पूर्ण झाकलेलं. तुझ्या कानाला लागलेली. असं दिसतंय की उत्तर सांगून राहिली."

"आई हाय सर ती माझी. जेठ आले म्हणून तोंड झाकलं तिनं."

"मला पटलं. मी कुरुंद्याचा आहे बाई, मला सांगू नको. पण चौकशी समितीवर विद्यापीठाचे साहेब येणार आहेत. त्यांना हे सगळं..." त्याचा आवाज तुटला आणि पुन्हा आला. "...रद्द झाली तर एक पेपर नाही, सगळी परीक्षा रद्द होते. वर दोन परीक्षांना बसता येत नाही. ऐकू येतंय का?"

"ऐकू येऊन राहिलं सर."

"मग एक काम कर. एकच प्रश्न विचारतील ते, ती बाई उत्तर सांगू शकत होती का? तू लेखी आण की माझी आई पूर्णपणे निरक्षर आहे. निरक्षर बाई काय उत्तर सांगणार? केस संपली. सत्तावीस तारखेला आईला घेऊन ये."

शितल फोन ठेवून बसली. छत्री धरून उभ्या असलेल्या भिकाबाईनं विचारलं, "काय म्हनला?"

शितलनं सांगितलं नाही. ती तडक तांड्यात गेली, भीमसिंगच्या ओट्यावर.

"मोठे बापू, तुमी हिंगोलीला चला माझ्यासंगं. तुमी त्या दिवशी वाटंनं जात व्हते, याडीनं तुमाला पाहून घुंगट काढला, एवढं सांगा त्या सायबाला. बस."

भीमसिंग तंबाखू मळत होता. मळणं थांबलं. "मी सांगू? माझ्या भावजयीनं माझ्यासमोर तोंड झाकलं, ह्ये मी हिंगोलीत जाऊन चार सायबांपुढं सांगू? ह्ये काय सांगायची गोष्ट हाय व्हय?"

"माझं वर्ष जाईल बापू. दोन जातील."

"जाऊ दे. कॉलेज बंदच हाय, शिकून राहिलीस कुठं तू? दगडावर बसून राहिलीस. पुसदकडच्या पावण्यांना मी दिवाळीपर्यंत थांबवलंय, तुझा बाप म्हनला म्हणून. पास झालीस तर शिक, माझी काय तकलीफ न्हाई. न्हाई झालीस तर मंग बराबर वेळेवर सुटशील."

वाईट माणूस नव्हता तो. तांड्यात कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर पहिलं पीठ त्याच्या घरून जायचं. पण ज्याच्यापुढे बायका तोंड झाकतात त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती झाकणारीच मोजते, आणि ह्या वेळी तिची लेकही मोजणार होती.

संध्याकाळी भिकाबाईला सगळं कळलं. तिनं चुलीतली राख मागे ओढली आणि म्हणाली, "मंग लिव की. सोपं हाय. आई अडाणी हाय म्हणून लिव."

"तू अडाणी न्हाईस."

"मी काय प्रोफेसर हाय?"

"वाचतीस तू. मी शिकवलंय तुला, वर्षभर. मी माझ्या हातानं लिहू की माझ्या आईला अक्षर येत न्हाई म्हणून? मी सांगणार त्यांना. आई वाचते, दुसरीच्या पोरासारखं वाचते, तिला लेन्सचं सूत्र कसं सांगता येईल? त्यांना कळत न्हाई का एवढं?"

"न्हाई कळत," भिकाबाई म्हणाली. "वाचते म्हनलं की झालं. किती वाचते ते कोण इचारतं? चोरानं एक कणीस नेलं का पोतं नेलं, चोर तो चोर."

"चोरी केली न्हाई आपण!"

"मी कुठं म्हनले केली? लिव तू."

"न्हाई लिहिणार."

"काहून?"

शितलनं कागद आणला नाही, पेन काढलं नाही. सत्तावीस तारखेला दोघी रिकाम्या हातानं निघाल्या. गोरेगावपर्यंत पायी, तिथून जीपनं हिंगोली. जीपमध्ये शितल मनाशी वाक्यं जुळवत होती. सर, माझी आई थोडं वाचते, पण. 'पण'च्या पुढे वाक्य जात नव्हतं.

कॉलेजच्या दारात बंदुकीसारखं यंत्र कपाळाला लावून ताप पाहिला. पोरगी दीड वर्षांनी कॉलेजात पाय ठेवत होती, तो असा. बाहेरच्या बाकावर आणखी अकरा पोरं बसली होती. एकाच्या चौकटीत लहान भाऊ रांगत आला होता. एकाची वीज गेली म्हणून चेहराच दिसला नव्हता. शिरड शहापूरचा एकजण म्हणाला, "माझ्या मागं म्हस आली. मशीन म्हनतंय दुसरी व्यक्ती." सगळे हसले. मग आतून नाव पुकारलं आणि तो हसतच उठला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"आडे शितल अमरसिंग."

टेबलाच्या पलीकडे तिघं. मधे विद्यापीठाचे साहेब, पांढरा शर्ट, नाकाखाली उतरलेला मास्क. शेजारी कॉलेजच्या एक मॅडम, त्या फक्त कागद पुढे सरकवत होत्या. वैजनाथ सर कडेला उभा. तासिका तत्त्वावरच्या माणसाला खुर्ची नव्हती, आणि पगार नाही त्या माणसाला साहेबांपुढे बोलायचा हक्कही नव्हता. साहेबांनी फोटोचा छापील कागद टेबलावर टाकला.

शितलनं प्रथमच तो पाहिला. पुढे ती, मान खाली. मागे पदरानं गच्च झाकलेलं एक डोकं, तिच्या कानाला टेकलेलं. आणि फोटोच्या वरच्या काठावर छत्रीची दांडी धरलेली मूठ, चार बोटं.

"ही कोण?"

"माझी आई, सर. हीच."

साहेबांनी भिकाबाईकडे पाहिलं. ती पदर नाकावरून घेऊन उभी होती, इथल्या सगळ्यांसारखीच तोंड झाकून. फरक एवढाच की बाकीच्यांच्या झाकण्याला आता सरकारी मान्यता होती.

"मग तोंड झाकून काय करत होती?"

"माझे मोठे बापू वाटंनं चालले होते सर. आमच्यात जेठासमोर तोंड झाकतात."

"परीक्षेतसुद्धा?"

"परीक्षा माझी होती सर. तिचं रोजचंच होतं."

मॅडमनी मान खाली घातली. साहेबांना ते उत्तर आवडलं नाही. "आणि कानात काय सांगितलं?"

"'सरक, जेठ आले' म्हणली."

"ह्याला पुरावा?"

"न्हाई सर."

"प्रत्येकजण हेच सांगतो. कुणाचा भाऊ, कुणाची म्हैस. विद्यापीठानं एवढी सोय करून दिली, घरबसल्या परीक्षा दिली, आणि तुम्ही लोक..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. तुम्ही लोक म्हटल्यावर पुढे काही म्हणायची गरज नसते. "आई शिकलेली आहे का?"

वैजनाथ सर खाली फरशीकडे पाहत होता.

शितलनं श्वास घेतला. "सर, माझी आई थोडं—"

"काय इचारता सायेब," भिकाबाई मोठ्यानं म्हणाली. परक्या पुरुषांपुढे एवढा मोठा आवाज तिनं काढलेला शितलनं कधी ऐकला नव्हता. "आमी ढोरामागं फिरनारे मान्सं. आमाला काय कळतंय त्यातलं."

"म्हणजे वाचता येत नाही?"

"काळं म्हशीवानी, सारखंच दिसतं."

साहेबांना हसू आलं. समोरचं वर्तमानपत्र त्यांनी उचललं आणि टेबलावरून पुढे केलं. "बघू. हे वाचा."

"सर, तिला कशाला—" शितल म्हणाली.

"तू थांब."

भिकाबाईनं पेपर दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांपुढे धरला. पदरामुळे तोंड दिसत नव्हतं, डोळे तेवढे दिसत होते. शितल शेजारी उभी होती. तिनं पाहिलं, आईचे डोळे पहिल्या पानाच्या वरच्या मोठ्या ओळीवर डावीकडे टेकले, आणि हळूहळू उजवीकडे सरकू लागले. एका जागी अडले. परत जरा मागे आले. पुन्हा पुढे गेले. ओळीच्या टोकाला पोहोचले. बांधावर ती अशीच वाचायची. ज्यानं कुणाला वाचायला शिकवलं आहे त्याला ते डोळे शंभर माणसांत ओळखू आले असते. पण टेबलापलीकडच्या तिघांपैकी कुणी कधी चाळिशीच्या बाईला वाचायला शिकवलेलं नव्हतं.

मग भिकाबाईनं पेपर फिरवला. वरची बाजू खाली केली, खालची वर. उलटा धरून तिनं तो जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"ह्ये कुनाचं चित्र हाय सायेब?"

अडाणी माणूस पेपर उलटा धरत नाही. फोटोतल्या माणसाचं डोकं वर असतं एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण अडाणी म्हणजे पेपर उलटा धरणारा, असं साहेब लोकांना वाटतं, आणि साहेब लोकांना काय वाटतं हे भिकाबाईला चाळीस वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. दवाखान्यात, तलाठ्याकडे, रेशनवर.

साहेब मोठ्यानं हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी कागद पुढे सरकवला. "बरं, बरं, ठेवा," साहेब म्हणाले. लिहिता लिहिता त्यांनी मोठ्यानं वाचलं: "फोटोत दिसणारी व्यक्ती विद्यार्थिनीची आई असून ती पूर्णपणे निरक्षर असल्याची समितीनं प्रत्यक्ष खात्री केली. आक्षेप रद्द. निकाल जाहीर करावा." त्यांनी कागद शितलकडे वळवला. "इथं सही कर. वरील मजकूर मला मान्य आहे."

शितलनं पेन हातात घेतलं. कागदावर वाकली. वाकलेलीच राहिली.

"काय झालं?"

"कर की सही," भिकाबाई म्हणाली. आवाज पुन्हा तिचा नेहमीचा झाला होता.

शितलनं सही केली. पूर्ण नाव लिहिलं, शितल अमरसिंग आडे, एकही अक्षर न चुकता. साहेबांनी घंटी वाजवून पुढचं नाव पुकारायला सांगितलं. दारातून बाहेर पडताना वैजनाथ सर तिच्यामागे दोन पावलं आला.

"सुटलीस बाई," तो हळूच म्हणाला. "छान झालं."

तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो बिचारा परत आत कडेला जाऊन उभा राहिला.

बाहेर ऊन होतं. बाकावरच्या पोरांनी विचारलं, काय झालं, काय झालं. भिकाबाईनंच सांगितलं, "झालं. सोडलं." दोघी फाटकाबाहेर आल्या, जीपच्या दिशेनं चालू लागल्या. रस्त्यावर गर्दी होती, दुकानं उघडली होती, निम्म्या लोकांचे मास्क हनुवटीवर होते. शितल पुढे पुढे चालत होती, पाय आपटत.

"अगं थांब की. पास झालीस, मंग रडून काहून राहिलीस?"

"मी रडून न्हाई राहिले."

"बरं."

औंढ्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याला भिकाबाईनं हातानं नको म्हटलं. गोरेगावची जीप भरायला अजून चार माणसं हवी होती. दोघी टपरीच्या सावलीला उभ्या राहिल्या. मग भिकाबाईनं पदर नाकावरून खाली घेतला, तोंडावरचा घाम पुसला.

"सोमवारपासून शाळा उघडणार म्हनं," ती म्हणाली.

"कोण म्हनलं?"

"त्या पेपरात व्हतं. वर, मोठ्या अक्षरात."

शितल तिच्याकडे बघत राहिली.

"शाळा उघडल्या म्हंजे कॉलेजबी उघडंल. मंग तुला होस्टेलला जावं लागंल. गाद्या आधी उन्हात टाकाय सांग त्यांना." तिनं रस्त्याकडे पाहिलं. "बांधावरचं ते आपलं संपलं मंग."

जीपवाला ओरडला, गोरेगाव, गोरेगाव, दोनच सीट. शितल जागची हलली नाही.

"अजून काय लिवलं व्हतं याडी?"

"अजून न्हाई वाचून झालं," भिकाबाई म्हणाली. "एवढंच झालं. मंग उलटा करावा लागला."